गाडी म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट नव्हे

माझी २००२ सालची होंडा एस-२००० विकायला काढली आहे. दोन मुलं आणि दोनच सीटची गाडी हे गणित काही जमेना, एवढंच कारण. परवा ऑफिसातला एक जण बघायला आला. पुण्याचाच, वय सत्तावीस, कॅलिफोर्नियात येऊन दोन वर्षं झालेली. एक चक्कर मारली आणि उतरता उतरता म्हणाला, "दादा, २४ हजार डॉलर म्हणजे स्वस्तच की! कर्ज काढून घेतो. पाच वर्षांत दुप्पट होतील, तोवर फुकटात चालवायला मिळेल."

विकणाऱ्याने अशा वेळी गप्प बसून मान डोलवावी. मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि रात्री स्प्रेडशीट उघडली. (दुसरं येतंय काय आपल्याला!)

आधी त्याची बाजू. साध्या गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते ती थेट भंगारापर्यंत. मोजक्या स्पोर्ट्स कारचा आलेख मात्र तळ गाठून पुन्हा वर वळतो. एस-२००० फक्त १९९९ ते २००९ बनली. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन, अमेरिकेत २४० हॉर्सपॉवर, सुई ९००० आरपीएमच्या आसपास जाते, आणि गिअर हातानेच टाकायचे. असं इंजिन आता कोण बनवतंय? त्यात तेव्हा व्हिडिओ गेममध्ये ही गाडी पळवणारी पोरं आता चाळिशीत आहेत आणि त्यांच्या खिशात पैसा आहे. मी २०१२ मध्ये १४ हजारांना घेतलेली गाडी आता २४ हजार सांगतेय. म्हणजे मुलगा बरोबर बोलतोय?

थांबा. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी जवळजवळ १५ टक्के. माझी गाडी १३ वर्षांत वाढली ती वर्षाला सव्वाचार टक्क्यांनी. त्यातही २०२१-२२ मध्ये सगळ्याच जुन्या गाड्या महागल्या होत्या, तो हात लागलाच. आता खर्च. विमा, रजिस्ट्रेशन, टायर, क्लच, एकदा बदललेलं कापडी छत, सगळं मिळून सरासरी वर्षाला १४०० डॉलर. शिवाय ते १४ हजार ७ टक्क्यांनी कुठे ठेवले असते तर ३३ हजारांच्या वर गेले असते. हे सगळं धरलं तर गाडी मला महिन्याला साधारण १८० डॉलरला पडली. मजा आली, तक्रार नाही. पण फुकट? छे!

दुसरं म्हणजे, बातमी होते ती चार-पाच हजार मैल चाललेल्या गाडीच्या लिलावाची. माझी १ लाख १८ हजार चालली आहे. भाव हवा असेल तर झाकून ठेवा, चालवायची असेल तर भाव विसरा. दोन्ही एकदम होत नाही.

आणि लोकांना पुढे कशाची ओढ लागेल हे आज कुणाला कळतं? पोर्शे ९११ चंच बघा. १९९८ मध्ये संपलेली ९९३ ही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११. तिचे भाव पुढे कुठल्या कुठे गेले. तिच्यानंतरची ९९६ पाण्याने थंड होणारी, म्हणजे तंत्राने एक पाऊल पुढेच. पण तिचे हेडलाइट लोकांना रुचले नाहीत, इंजिनातल्या एका बेअरिंगची धास्ती बसली, आणि वर्षानुवर्षं ती 'स्वस्तातली ९११' म्हणूनच ओळखली गेली.

यावरून आमच्या बाबांची चेतक आठवली. लायसन्स राजच्या काळात बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, त्यामुळे वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची! बाबा म्हणायचे, "विकायची घाई कशाला? भाव चढतोच आहे." पुढे बाजार खुला झाला, मोटरसायकली आल्या, नंबर लावायची गरजच संपली. शेवटी आमची स्कूटर भंगारवाल्याने नेली. स्कूटर तीच होती, टंचाई संपली होती.

म्हणून त्या मुलाला मी लिहिलं: तीन आकडे मांड. भाव चढला तर, तसाच राहिला तर, आणि निम्म्यावर आला तर. तिसरा आकडा बघूनही रात्री झोप लागणार असेल तर घे, पण साठवलेल्या पैशांतून. कर्जाचा हप्ता नक्की असतो, भाव नसतो. आणि घेतलीस तर चालव, पुढच्या मालकासाठी जपत बसू नकोस.

अजून उत्तर आलेलं नाही. बायको विचारतेय, "तुला गाडी विकायची होती ना नक्की?"