वर्तन हीच त्याची भाषा

स्वमग्न मूल भिंतीवर डोके आपटते, स्वतःचा हात चावते किंवा कुणाच्या अंगावर धावून जाते, तेव्हा आसपासची मंडळी तत्काळ निवाडा देऊन मोकळी होतात: मूल हट्टी आहे, आईवडिलांनी लाडावून ठेवले आहे. मग धाक, मार, कोंडून ठेवणे हेच उपाय उरतात. मूल असे का वागते, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

वस्तुतः या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध चार दशकांपूर्वीच सुरू झाला. अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ जणांचे वेगवेगळ्या परिस्थितींत निरीक्षण केले. वरवर सारख्या दिसणाऱ्या कृतीमागे प्रत्येकाचे कारण निराळे असू शकते, हे त्यातून पुढे आले. कुणाला लक्ष हवे असते, कुणाला अवघड कामातून सुटका, कुणाला एखादी वस्तू. तर कुणाला त्या कृतीतूनच संवेदना मिळते.

कारण न शोधता केलेली शिक्षा उलटते, ती येथेच. अंक लिहायला सांगताच चावणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढले, तर त्याला हवी ती सुटका मिळाली. उद्या ते पुन्हा चावणार! याउलट, ‘मला जमत नाही, मदत करा’ हे शब्दाने, खुणेने वा चित्राने सांगायला त्याला शिकवले, तर चावण्याची गरज कमी होते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ साली हेच दाखवून दिले. मात्र शिकवलेले वाक्य खऱ्या कारणाशी जुळले, तरच उपयोग झाला.

आरंभ शरीरापासून व्हावा. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप यांची तक्रार ज्याला बोलून करता येत नाही, ते मूल ती वर्तनातून करते. वैद्यकीय तपासणीनंतर एक साधी वही घालावी. आधी काय घडले, मूल काय वागले, त्यानंतर त्याला काय मिळाले, एवढीच नोंद रोज करावी आणि ती घेऊन तज्ज्ञांकडे जावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २०१६ साली स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या सूचीत स्थान दिले. परंतु कायदा हक्क देतो, समजून घेण्याची दृष्टी देत नाही. ती घराने, शाळेने आणि शेजाऱ्यांनीच कमवायची आहे. जे मूल शब्दांवाचून काही सांगू पाहते आहे, त्याला गप्प करण्यापूर्वी त्याचे ऐकून घेणे, एवढे तरी समाजाकडून व्हायलाच हवे.