६८ किलोंची चासी

“मावशी, आधी उजवा पाय आत, मग बस, डावा पाय शेवटी.” भाचा सांगत होता तशी मी लोटस या ब्रिटिश कंपनीच्या एलीझ या गाडीत शिरले. शिरले हाच शब्द बरोबर. दाराखाली वीतभराहून रुंद उंबरठा. तो ओलांडून खाली जायचं, होडीत उतरावं तसं. पायाखाली गालिचा नाही, उघडं अ‍ॅल्युमिनियम. काच खाली करायला हाताने फिरवायचं हँडल. पॉवर स्टेअरिंग नाही. १९९६ मध्ये आलेल्या या पहिल्या एलीझचं वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास होतं. अख्खी गाडी जिच्यावर उभी, ती अ‍ॅल्युमिनियमची चासी भरते फक्त ६८ किलो. तिला वेल्डिंगही नाही. पट्ट्या इपॉक्सीने एकमेकींना चिकटवलेल्या.

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. नवी वस्तू घरात आली की ते आधी ती हातावर तोलून बघत. “इथलं मटेरियल काढलं असतं तरी चाललं असतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या उंबरठ्यावर हात ठेवला आणि वाटलं, ही गाडी त्यांना दाखवायला हवी होती.

भाचा इंग्लंडमध्ये नॉर्विचला राहतो. तिथून हेथेल जवळ. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. १९६६ मध्ये लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने कंपनीचा कारखाना तिथे हलवला आणि जुन्या धावपट्टीवर गाड्या पळवून बघायला सुरुवात केली. मी एलीझमध्ये बसले त्या रविवारी सकाळी एका पबच्या आवारात सात-आठ जुन्या लोटस उभ्या होत्या आणि मालक मंडळी चहाचे कप घेऊन वाद घालत होती. विषय एकच, कंपनीने आणलेल्या महागड्या, ऐसपैस गाड्या.

वाद समजायला दोन आकडे पुरतात. लोटसची विजेवर चालणारी एसयूव्ही, एलेट्रे, अडीच टनांच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ साडेतीन एलीझ. ती हेथेलला नाही, चीनमध्ये वुहानला बनते, कारण २०१७ मध्ये चीनच्या गीली समूहाने लोटसचे ५१ टक्के शेअर घेतले. भारतात लोटस आली तीही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, याच एलेट्रेचं बोट धरून, २ कोटी ५५ लाखांपासून पुढे. आपल्याकडच्या बहुतेकांना लोटस म्हणजे ती गुबगुबीत गाडीच वाटणार, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ज्यांच्या एलीझमध्ये मी बसले होते ते निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चॅपमनचा मंत्र होता, आधी रचना सोपी करा, मग वजन उतरवा. गाडी हलकी असली की इंजिन लहान चालतं. इंजिन लहान म्हणून ब्रेक लहान, टायर बारीक, पेट्रोलची टाकी छोटी. त्यामुळे गाडी आणखी हलकी होते. एलीझला १.८ लिटरचं, जेमतेम ११८ अश्वशक्तीचं इंजिन पुरलं ते यामुळे. एलेट्रेत हेच चक्र उलटं फिरतं. लांब पल्ल्यासाठी मोठी बॅटरी, तिच्या वजनासाठी भक्कम सांगाडा, तो थांबवायला थोराड ब्रेक. “९०५ अश्वशक्ती देता येते,” ते म्हणाले, “पण वजन काही परत घेता येत नाही.”

एक तरुण त्यांना अडवत होता. त्याच्याकडे लोटसचीच पिवळी एक्सीज होती आणि अभ्यासही पक्का. चॅपमनला साधेपणाचा संत करू नका, असं त्याचं म्हणणं. १९७३ मध्ये लोटस सेव्हन ही सगळ्यात हलकी, घरी जुळवता येणारी गाडी चॅपमननेच केटरहॅम कंपनीला विकून टाकली. पुढच्याच वर्षी चार जण बसतील अशी महाग एलीट आणली, कारण सुट्या भागांची गाडीवाला हा शिक्का त्याला पुसायचा होता. शिवाय हलकेपणाची किंमतही मोजावी लागली. १९७० मध्ये मोंझाला फॉर्म्युला वनच्या सरावात शर्यतपटू योखेन रिंट गेला, तो लोटस ७२ मध्ये. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटल्याचं मानलं जातं. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. हे नाव निघालं तेव्हा सगळेच क्षणभर गप्प झाले.

मग पोर्शचा दाखला निघाला, तो निघणारच होता. २००२ मध्ये पोर्शने कायेन ही एसयूव्ही आणली तेव्हा असाच आरडाओरडा झाला होता, आणि त्याच गाडीच्या पैशांवर पुढे त्यांची ९११ ही स्पोर्ट्स गाडी जोमाने चालू राहिली. तरुणाचा मुद्दा बिनतोड वाटला. पण मला तिथेच फरक दिसला. पोर्शने कायेन आणली तेव्हा ९११ आणि बॉक्स्टर दोन्ही दुकानात होत्या. लोटसने मात्र २०२१ च्या अखेरीस एलीझ बंदच केली. तिच्या जागी आलेली एमिरा देखणी आहे, पण १,४०० किलोंच्या पुढे आहे. मोठी गाडी विकायला माझी हरकत नाही; कामगारांचे पगार निघायला हवेत. पण ज्या लहान गाडीसाठी हा खटाटोप, तीच फळीवरून उचलली, तर पैसा कुणासाठी कमवायचा? आणि तो पैसाही आलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. आवारातल्या एकाच्या घरातलं कुणीतरी हेथेलला कामाला आहे. तो वादात पडलाच नाही, कप हातात धरून ऐकत राहिला.

आजच्या गाडीला एअरबॅग लागतात, टक्कर सोसणारी बांधणी लागते. सातशे किलो पुन्हा कदाचित जमणार नाहीत, हे मला कळतं. बॅटरी जड असतेच. पण विजेच्या गाडीतही वजनाशी भांडणारं कुणीतरी हवंच, आणि ते भांडण ज्यांच्या रक्तात होतं त्यांनीच सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

निघताना शिक्षक मला चक्कर मारायला घेऊन गेले. गाडीत जागा दोनच, भाचा मागे राहिला. अरुंद रस्ता, दोन्हीकडे झुडपांच्या भिंती. हेथेलच्या फाटकापाशी त्यांनी वेग कमी केला, आत एकदा नजर टाकली, काही बोलले नाहीत. पुढे डावीकडे वळण आलं. मी सवयीने पाय रोवले. त्यांनी ब्रेकला पाय लावलाच नाही. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं आणि गाडी वळली.