लिहिणारा हात खांद्यापासून सुरू होतो

‘बालवर्गातला गाण्याचा तास काढून टाका आणि तो वेळ लेखनाला द्या,’ असं परवा एका पालकसभेत एका शिक्षणतज्ज्ञांनी ठणकावलं. टाळ्याही पडल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नाचगाणं हा वेळ काढायचा उद्योग आहे, अंग कमवायला मैदान आहे, हात वळायला पाटी आहे आणि फुगडी-झिम्मा तर मुलींचं काम.

शेवटच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. फुगडीत पावलं जुळवून, अंग मागे झोकून, समोरच्याचे हात घट्ट धरून तोल सांभाळावा लागतो. यातलं मुलग्यांना काय नको आहे? लेझीम मुलग्यांची आणि झिम्मा मुलींचा, ही वाटणी कुणी केली, असं आम्ही कैक वर्षं विचारतो आहोत. उत्तर कुणी देत नाही, वाटणी मात्र चालूच आहे.

खरा राग आहे तो पाटीच्या मुद्द्याचा. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ‘अ’ गिरवून घेणाऱ्यांनी एकदा त्या मुलाकडे नीट बघावं. पेन्सिल मुठीत आवळलेली, खांदा कानाला भिडलेला, जीभ बाहेर आलेली. थोड्याच वेळात ते बाकावर आडवं होतं आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. मनगटाची आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात. ती एकेक करत पक्की व्हायला वर्षं लागतात आणि या वयात त्यांतली बरीचशी झालेलीच नसतात. हातावरचा ताबाही आधी धड आणि खांद्यात येतो, बोटांपर्यंत शेवटी पोचतो. गाण्यावर झाड होऊन हात वर धरणं, हातापायांवर अस्वलासारखं चालणं, उजव्या हाताने डाव्या गुडघ्यावर टाळी देणं, ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. हात शरीराच्या मध्यापलीकडे न्यायची सवय नसलेलं मूल कागदाच्या मध्यावर आलं की पेन्सिल दुसऱ्या हातात घेतं. त्याला आणखी दहा पानं गिरवायला देऊन काय साधणार? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालशिक्षणाच्या त्या परंपरेत गाणं आणि अभिनय शिक्षणाचाच भाग होता. आज तो वेळेचा अपव्यय ठरवणं ही मला प्रगती वाटत नाही, हा अडाणीपणा आहे.

मैदान हवंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटांची हालचाल सांगितली आहे. पण मैदानावर धीट मूल धावतं आणि भित्रं मूल कडेला उभं राहतं. शिवाय धावणारंही आपल्या सोयीच्या वेगानेच धावतं. गाण्याच्या तासाला मात्र सगळी मुलं बाईंच्या खंजिरीवर चालतात. तिची लय संथ झाली, की एका पायावर जास्त वेळ तोलून पाऊल टाकावं लागतं. खंजिरी थांबली, की उचललेला पाय तिथेच आवरावा लागतो. पळण्यापेक्षा हे अवघड आहे आणि मुलं ते हसत करतात.

त्यासाठी खर्चही नाही. बाकं भिंतीला लावा, बाईंच्या हातात एक खंजिरी द्या आणि हा तास रोज होऊ द्या. संमेलनासाठी सिनेमाच्या गाण्यावर महिनाभर बसवलेला नाच मात्र त्यात मोजू नका.