शरीरच बनवतं ना, मग घ्यायला काय हरकत?

गेल्या रविवारी मामाकडे जेवायला गेलो होतो. मामीला सहा वर्षांपासून आमवात आहे. जेवताना कळलं की तिने महिनाभर मेथोट्रेक्सेट बंद केलंय आणि भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल सुरू केलंय. कारण काय, तर व्हॉट्सॅपवरचा एक मेसेज. मेंदू स्वतःच भांगेसारखं द्रव्य बनवतो, त्याचं नाव आनंदामाइड, आपल्या 'आनंद'वरून! म्हणजे नैसर्गिकच की. वर मामा म्हणतो, "तू एवढा इंजिनियर, तुला कळायला पाहिजे."

कळतं, म्हणूनच लिहितोय.

मंडळी, गंमत अशी की मेसेजमधली माहिती खरी आहे. १९९२ साली जेरुसलेममध्ये मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य सापडलं आणि नाव खरंच संस्कृतवरून ठेवलं. १९९५ मध्ये त्याचं भावंड, २-एजी, सापडलं. चुकीचा आहे तो निष्कर्ष.

मेंदूत एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप देते. निरोपांचा भडिमार झाला की घेणारी पेशी जागच्या जागी २-एजी बनवते. ते उलट दिशेने जाऊन देणारीला सांगतं, "जरा दमानं." हे २००१ साली सिद्ध झालं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅकप्रेशर म्हणतो. काम झालं की ते लगेच मोडीत निघतं. सगळी करामत वेळेत आणि जागेत आहे. बाटलीतल्या टीएचसीला ना वेळ कळते ना जागा. एका सर्व्हरवर लोड आला म्हणून अख्ख्या डेटा सेंटरला तासन्‌तास "हळू चाला" सांगण्यातला प्रकार.

बरं, या यंत्रणेशी उलटा खेळ करूनही झालाय. तिचा रिसेप्टर अडवणारं रिमोनाबँट हे वजन घटवायचं औषध २००६ मध्ये युरोपात आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार वाढतात म्हणून २००८ मध्ये थांबवावं लागलं.

आता दाह. "दाह वाईट, कॅनाबिनॉइड चांगले" इतकं ते सोपं नाही. दाहात टीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. मेंदूत तेच, ग्लिया पेशींमधून थोडं थोडं सुटून, पेशींमधल्या निरोपांची ताकद जुळवतं. आणि मेंदूत २-एजी मोडल्यावर जे आम्ल उरतं, त्यातूनच दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन बनतात! एकाच दुकानात दोन्ही माल.

कॅनाबिनॉइड सगळे निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. शुद्ध सीबीडीला अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ती मोजलेल्या डोसला, चाचण्या करून मिळाली. 'आनंद' शब्दावर नाही.

तेलाने मामीला झोप चांगली लागते म्हणे. लागत असेल. पण दुखणं कमी वाटणं वेगळं आणि सांधा झिजायचा थांबणं वेगळं. मेथोट्रेक्सेट दुसरं काम करतं, तेही गाजावाजा न करता.

मामी मंगळवारी डॉक्टरांकडे जायला तयार झालीये. मामा मात्र माझ्यावर रुसलाय. असो. रुसलेला मामा परवडला, मामीची वाकडी झालेली बोटं नाही परवडणार.