सांभाळणाऱ्यांची खोली

मराठी वाचकापुढे 'चर्च' आणि 'लहान मूल' हे दोन शब्द शेजारी ठेवले, की तिसरा शब्द त्याच्या मनात आपोआप उमटतो : मिशन. त्यामागोमाग शाळा, दुष्काळ, अनाथाश्रम, धर्मांतर ही परिचित मालिका येते. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. एकोणिसाव्या शतकाचा इतिहास तिच्या बाजूने साक्ष देईलच. परंतु इंग्लंडमध्ये चर्चच्या हॉलांतून आठवड्यातून एखाद्या सकाळी जो तान्ह्या-रांगत्या मुलांचा खेळगट भरतो, त्याच्याकडे या चष्म्यातून पाहिले तर त्यात काहीच दिसत नाही. आणि जे दिसायचे राहते ते साहित्याच्या अभ्यासकांच्या कामाचे आहे, असे आमचे मत आहे.

हे मत आम्ही घरबसल्या बनवलेले नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे गेलो असताना दर मंगळवारी दीड वर्षाच्या नातीला बाबागाडीत घालून आम्ही पश्चिम लंडनमधल्या अशा एका हॉलमध्ये जात असू. दाराशी एक पौंड द्यायचा, वहीत नाव लिहायचे. आत बॅडमिंटनच्या रेषा आखलेली लाकडी जमीन, भिंतीला टेकवून रचलेल्या खुर्च्या, एक प्लास्टिकची घसरगुंडी, लाकडी आगगाडीचे रूळ, अगदी लहानग्यांसाठी गालिचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा मिळे. तो गालिच्याजवळ नेण्यास सक्त मनाई. शेवटी पसारा आवरून सगळ्यांनी गोल करून गाणी म्हणायची. पहिले दोन मंगळवार आम्ही धर्मप्रचाराचे पत्रक हातात पडण्याची वाट पाहत होतो. तिसऱ्या मंगळवारी पत्रक मिळाले. ते जुन्या कपड्यांच्या विक्रीचे होते.

अर्थात ही खोली सर्वस्वी निरपेक्ष असते असे मानणे भाबडेपणाचे होईल. डिसेंबरात तेथे गोठ्याचा देखावा मांडला गेला, आणि मंगळवारी येणाऱ्यांपैकी कोणी रविवारीही यावे अशी आशा यजमानांच्या मनात नसेलच असे नाही. पण इतिहास पाहिला तर या खोलीचे मूळ धर्मापेक्षा जागेच्या प्रश्नात सापडते. १९६० साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढून नर्सरी शाळांच्या वाढीला अटकाव केला. १९६१ मध्ये बेल टुटाएव्ह या लंडनमधल्या एका आईने 'गार्डियन'ला पत्र लिहून, शासन देत नसेल तर आपणच हे करू, असे इतर आयांना सुचवले आणि १९६२ साली खेळगटांची संघटना उभी राहिली. मुले होती, आया होत्या; जागा नव्हती. चर्चचे हॉल आठवड्याचे दिवस बरेचसे रिकामे असत. पुढे १९९८ नंतर 'शुअर स्टार्ट' योजनेतून शासनाने बालकेंद्रे काढली. २०१० नंतर त्यांतली पुष्कळशी बंद पडली. हॉल मात्र तिथेच राहिला.

पोर ठेवून निघून जाण्याचे गट वेगळे. आम्ही म्हणतो त्या गटात मोठ्या माणसाने थांबावेच लागते, आणि मूल त्याच्याच जबाबदारीवर राहते म्हणून कायदा याला पाळणाघर मानत नाही, पाळणाघरासारखी नोंदणीही मागत नाही. हा आम्हांला निव्वळ तांत्रिक तपशील वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला जे काम केले, त्यात शाळा मुलापाशी गेली, अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही गेली. ते कार्य थोरच. पण त्याच्या केंद्रस्थानी मूल होते. या हॉलमध्ये मूल हे निमित्त आहे. दीड वर्षाच्या मुलाला ठोकळे घरीही पुरतात. घरी पुरत नाही ते त्याला सांभाळणाऱ्याला.

हे सांभाळणारे कोण? रात्रभर न झोपलेली तरुण आई, पगारी दाई, एखादा संकोचलेला बाप, आणि आमच्यासारखे व्हिसावर आलेले आजी-आजोबा. येथे कोणाचेही वाक्य पुरे होत नाही. क्रियापदापर्यंत पोहोचण्याआधीच कोणाचे तरी पोर घसरगुंडीवर उलटे चढू लागते. अर्ध्या वाक्यांवर मैत्री होऊ शकते हे आम्ही, जन्मभर पूर्ण वाक्यांवर गुण देणाऱ्यांनी, तेथे प्रथम पाहिले. नावेही गळून पडतात. आयुष्यभर 'सर' असलेले आम्ही तेथे केवळ 'अमकीचे आजोबा' होतो. आपल्याकडे बाया पिढ्यान्‌पिढ्या 'अमक्याची आई' म्हणून जगत आल्या. ते कसे लागते हे कळायला आम्हांला लंडन गाठावे लागले.

तेथे पुण्याच्या एक आजी येत. सुरुवातीला त्या चहाही घेत नसत. घरून पाण्याची बाटली आणीत. मग चहा घेऊ लागल्या. मग एका मंगळवारी खिडकीपलीकडे जाऊन कप विसळताना दिसल्या. आमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न ओळखून म्हणाल्या, "देव त्यांचा असेल हो सर, पण कप तर कुणीतरी धुवायलाच हवेत ना?"

आम्ही वर्षानुवर्षे 'स्मृतिचित्रे' शिकवले. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांतल्या संघर्षावर आम्ही दर वर्षी प्रश्न काढला आणि उत्तरात 'धर्म', 'निष्ठा', 'दांपत्यजीवन' हे शब्द आले की गुण दिले. त्या पुस्तकात हा संघर्ष पाण्याशी, चुलीशी, शेजारणीच्या हातच्या अन्नाशी किती बांधलेला आहे, हे उत्तरपत्रिकेत कोणी लिहिले असते तर आम्ही त्याला बहुधा 'विषयांतर' असा शेरा दिला असता.

परदेशस्थ मराठी माणसावरचे जे ललित लेखन आमच्या वाचनात आले, त्यात विमानतळ आहे, बर्फ आहे, गणेशोत्सव आहे आणि खिडकीशी बसलेली एकाकी आई आहे. कप विसळणारी आजी नाही. ती एकाकी नाही आणि तेथली झालेलीही नाही. करुणरसाला ती सोयीची नाही, म्हणून तर ती सुटत नसेल?

एक गोष्ट मात्र आम्हांला अजून बोचते. गाण्यांच्या वेळी आम्ही आणि त्या आजी इंग्रजी गाण्यांवर टाळ्या वाजवीत असू. मराठी बडबडगीत म्हणू नका असे कोणी म्हटले नव्हते. म्हणा असेही नाही. वेल्समध्ये वेल्श भाषेतल्या खेळगटांची संघटना १९७१ साली उभी राहिली आणि तिथल्या चॅपलांच्या खोल्यांत मुलांच्या तोंडी वेल्श गाणी आली, कारण मोठ्यांनी ती नेली. आम्ही नेली नाहीत. भाषेच्या ऱ्हासावर आजवर चार परिसंवादांत बोललो आहोत.

२०२० च्या साथीत असे सगळे हॉल बंद झाले, आणि काही गट पुन्हा सुरू झालेच नाहीत. रविवारची उपस्थिती घटते आहे, इमारती विकल्या जात आहेत, चहा करणारे हातही थकले आहेत. आमच्या हॉलमध्ये ते काम करणाऱ्या दोघीही सत्तरीपुढच्या होत्या. नोव्हेंबरात पुण्याच्या आजींचा व्हिसा संपला. पुढच्या मंगळवारी कप विसळायला आम्ही उभे राहिलो आणि पहिल्याच खेपेला एक फोडला. त्या दोघींपैकी एकीने मुकाट्याने केरसुणी आणून दिली.