एआय एजंटला ‘लॉगिन चालू आहे का?’ जरूर विचारा, पण टोकन त्याच्या हाती देऊ नका

‘या महिन्याचं वीजबिल भरलंय का बघ,’ असं एआय एजंटला सांगितलं की बिल उघडण्याआधी तो एक गोष्ट तपासतो. वेबसाइटवर तुमचं लॉगिन अजून चालू आहे की संपलंय? ही पायरी दोन-चार सेकंदांची असते, त्यामुळे आपण तिच्याकडे पाहतही नाही. पण एजंट वापरताना सगळ्यात जास्त सावध राहायला हवं ते इथेच.

सेशन म्हणजे नेमकं काय?

वेबसाइट प्रत्येक क्लिकला तुमचा पासवर्ड विचारत नाही. एकदा लॉगिन झालं की ती ब्राउझरकडे एक टोकन देते. ते बहुतेकदा ‘कुकी’च्या रूपात साठवलं जातं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखंच हे. टोकन दाखवणाऱ्याला चप्पल मिळते, नाव कुणी विचारत नाही. टोकनची मुदत संपली की सेशन संपतं आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं.

म्हणूनच टोकन चोरीला गेलं तर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही निरुपयोगी ठरतात. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे मोठं यूट्यूब चॅनेल असंच हॅक झालं. एका कर्मचाऱ्याने जाहिरातीच्या प्रस्तावासारखी दिसणारी फाइल उघडली आणि ब्राउझरमधली सेशन टोकन्स चोरांच्या हाती गेली. पासवर्ड फोडावाच लागला नाही.

एजंट कसं तपासतो?

याच्या साधारण दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे स्क्रीन पाहणं. ‘लॉगआउट’चं बटण किंवा तुमचं नाव दिसलं तर लॉगिन चालू, पासवर्डचा रकाना दिसला तर संपलेलं. दुसरी म्हणजे सर्व्हरला थेट विनंती पाठवणं. सेशन संपलं असेल तर सर्व्हर सहसा ४०१ हा कोड देतो किंवा लॉगिनच्या पानावर पाठवतो.

पहिल्या पद्धतीत चूक होऊ शकते. वरच्या पट्टीत नाव दिसतं, पण ते आधी लोड झालेलं जुनं पान असतं आणि आतलं सेशन कधीच संपलेलं असतं. म्हणून एजंट ‘लॉगिन आहे’ म्हणाला, तर कशावरून, हे त्याला विचारा.

धोका कुठे आहे?

सेशन चालू आहे का हे पाहणं वेगळं आणि ते सेशन वापरून कामं उरकणं वेगळं. अडचण अशी की ब्राउझरमधल्या एजंटला बहुतेकदा दोन्ही परवानग्या एकदमच मिळतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ब्रेव्ह’च्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटीच्या ‘कॉमेट’ या एआय ब्राउझरवर याचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यांनी एजंटला फक्त एका पानाचा सारांश मागितला होता. पण त्या पानावरच्या एका कमेंटमध्ये सूचना लपवलेल्या होत्या. एजंटने त्या मालकाच्याच समजून पाळल्या. आधीपासून लॉगिन असलेल्या जीमेलमध्ये जाऊन त्याने ओटीपी वाचला आणि बाहेर पोहोचवला. कुठलंही कुलूप फोडलं गेलं नाही, कारण दार आधीच उघडं होतं.

क्लाउडवर चालणाऱ्या एजंटची गोष्ट आणखी वेगळी. तिथलं लॉगिन कंपनीच्या संगणकावर होतं. तुम्ही फोनवर लॉगआउट केलं तरी तिथलं सेशन आपोआप बंद होईलच असं नाही.

मग काय करावं?

एजंट वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. तिकिटं, बिलं, फॉर्म यांत तो खरोखर वेळ वाचवतो. पण काही नियम पाळायलाच हवेत.

• एजंटला उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायला सांगा. सेशन संपलं असेल तर त्याने तिथेच थांबावं.

• पासवर्ड, ओटीपी आणि कुकी चॅटमध्ये कधीच टाकू नका. लॉगिन स्वतःच्या हातानेच करा.

• एजंटसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा. त्यात बँक आणि मुख्य ईमेल नको.

• काम झालं की लॉगआउट करा. नुसता टॅब बंद केल्याने सेशन संपेलच असं नाही.

• आठवड्यातून एकदा स्वतः तपासा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी दिसते. अनोळखी नाव दिसलं की तिथूनच काढून टाका.

खरी जबाबदारी मात्र कंपन्यांची आहे. पाहण्याची परवानगी आणि करण्याची परवानगी वेगवेगळी मागितली गेली पाहिजे, आणि सुरुवातीला दुसरी बंदच असली पाहिजे. बँकेचं अ‍ॅप काही मिनिटं हात लावला नाही तर आपल्याला बाहेर काढतं. आपल्या नावाने फिरणाऱ्या एजंटला त्याहून जास्त मोकळीक का मिळावी?

खात्यातून पैसे गेल्याचं लक्षात आलं तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. फक्त पासवर्ड बदलून थांबू नका. चोराकडचं टोकन त्यानंतरही चालू असू शकतं.