एकाहत्तरनंतर जन्मलेले आम्ही

(द्वितीय वर्ष, कला)

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक भागाकार मांडला. ५,०४,१२,२३५ ला २८८ ने भागा, उत्तराला पुन्हा १००० ने भागा. आले १७५. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य ते हेच! गणित सुटावे म्हणून कला शाखा घेतली, तर ते इथेही हजर!

घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आले, की पाच कोटी ही लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती गोठवली, पुढे ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. २०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हाही आमच्या आमदाराचे मत १७५ चेच होते. अण्णांचा जन्म १९७८ चा. त्यांना हे सांगितले तर म्हणाले, "म्हंजी आम्ही अजून जन्मालाच आलो नाही म्हण की!" आमच्या घरातले आजोबा तेवढे त्या शिरगणतीत आहेत, आणि ते आज हयात नाहीत.

उमेदवारीचे सांगायचे तर वय ३५ हवे (मला अजून सोळा वर्षे अवकाश आहे), अनामत १५,००० रुपये, आणि मतदार असलेल्या खासदार-आमदारांपैकी ५० सूचक व ५० अनुमोदक. १९६७ साली १७ उमेदवार उभे होते, त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नाही. पुढे नियम कडक झाले. अनामत दोन बोकड विकूनही भरता येईल. शंभर सह्या मात्र पक्षाशिवाय मिळणे नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हौशी लोकांची गर्दी तिथे कशाला?

माझी तक्रार त्या भागाकाराची आहे. आमदाराच्या मताला वजन कशाचे? त्याच्यामागे असलेल्या माणसांचे. तत्त्व उत्तम आहे. मग माणसे आजची का नकोत? २०११ च्या जनगणनेने मी स्वतः हिशेब केला. महाराष्ट्राचे १७५ चे ३९० होतात, उत्तर प्रदेशचे २०८ चे ४९६, केरळचे १५२ चे २३९.

यावर सरांनी विचारले, "केरळने कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्याची शिक्षा त्याला द्यायची का?" मी दोन दिवस गप्प होतो. प्रश्न खोटा नाही. इतरांच्या मानाने केरळचे वजन घटते, हे माझेच आकडे सांगतात.

पण मित्रहो, या निवडणुकीचे दोन पारडे आहेत. सर्व आमदारांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या खासदारांत सारखी वाटतात. २०२२ साली प्रत्येक खासदाराचे मत ७०० चे झाले, मग तो केरळचा असो की उत्तर प्रदेशचा. म्हणजे निम्मे वजन खासदारांकडे, आणि तिथे केरळच्या जागा गोठवलेल्याच राहू द्याव्यात. कायदे आणि पैसा जिथे ठरतो तिथे त्याला संरक्षण हवे, हे मला पटते. आमदारांच्या पारड्यात मात्र दर जनगणनेला नवी माणसे मोजावीत. त्यासाठी एकही मतदारसंघ हलवावा लागत नाही, विधानसभेची एकही खुर्ची वाढवावी लागत नाही. फळ्यावरचा वरचा आकडा तेवढा पुसून नवा लिहायचा.